कंपनीचा वास

काडी आधी, गॅस नंतर. बोईसरच्या शाळेत मी हे इतक्या वेळा बजावलं आहे की मुलं माझ्या पाठीमागे मला 'काडीवाल्या बाई' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि त्यात काही गैर वाटत नव्हतं. नाव लक्षात राहिलं तर नियमही राहील.

नववीचा वर्ग पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला की त्या तासाला मी काहीच पेटवत नसे. वेण्या डोक्यावर गुंडाळायच्या, लोंबत्या रिबिनी चालणार नाहीत. टेबलावर वही नको, दप्तर नको. बसायचं नाही, उभं राहायचं. मागे सरायची वेळ आली तर बसलेला माणूस अडकतो. मग बर्नर दाखवायचा. खालचं कडं फिरवून हवेची भोकं बंद करा. काडी ओढा. काडी बर्नरच्या तोंडाशी धरा आणि मग दुसऱ्या हाताने तोटी उघडा. ज्योत पिवळी येते, डोळ्यांना दिसते. कडं फिरवलं की निळी होते आणि खिडकीच्या उजेडात जवळजवळ नाहीशी होते. बर्नर पेटलेला आहे हे विसरून मुलं त्यावरून हात नेतात ते याच निळ्या ज्योतीमुळे. म्हणून काम थांबलं की ज्योत पुन्हा पिवळी करायची. निळ्या ज्योतीवर विश्वास ठेवायचा नाही.

"बाई, आणि गॅस आधी सोडला, काडी नंतर ओढली तर?" असा प्रश्न दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचाच.

"तर उद्याच्या हजेरीला तू येशील, तुझ्या भुवया येणार नाहीत."

आमची शाळा साधी होती. अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीतल्या मुलांच्या घरी गॅसच्या शेगड्या होत्या, पण आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं चुलीवरच्या घरांतली. कोणी किनाऱ्यावरून एसटीने यायचं, कोणी डोंगराकडच्या पाड्यांवरून पायी, कोणाचे वडील कारखान्यात पाळीवर. तोटी फिरवून आग येते हे त्यांनी पहिल्यांदा माझ्या टेबलावर पाहिलं. आधी भीती वाटायची, आणि भीती गेली की खोडी सुचायची. मला भीतीपेक्षा खोडीचा धाक जास्त.

प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या टोकाची खोली. सहा टेबलं, प्रत्येकावर दोन तोट्या. गॅसचे दोन सिलिंडर भिंतीबाहेर पत्र्याच्या खोपटात, तिथून तांब्याचा पाइप भिंतीतून आत येऊन टेबलांखालून फिरलेला. सकाळी शाळा भरण्याआधी मी बाहेरची मुख्य तोटी उघडायची आणि शाळा सुटली की मीच बंद करायची. दिवसभरात दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही, हा माझा नियम होता. त्याला कारण होतं. आधीच्या एका शिपायाने प्रयोग चालू असताना ती तोटी बंद केली होती. बारा बर्नर विझले. चूक कळल्यावर त्याने घाईने ती परत उघडली आणि बाराही तोंडांतून नुसता गॅस यायला लागला. तेव्हापासून नियम.

त्या शिपायाच्या जागी मावशी आल्या. तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या, चाळिशीच्या पुढच्या, अंगाने आडव्या, आवाज भरतीच्या वेळी किनाऱ्यावरून होडीला हाक मारायचा. वीस वर्षं त्यांनी डोक्यावर मासळीची टोपली वाहिली होती. नवऱ्याचा हात होडीच्या इंजिनात सापडल्यापासून तो घरी जाळी दुरुस्त करत बसे. कोणाच्या तरी शब्दावर त्यांना आमच्याकडे परिचर म्हणून घेतलं होतं, दोन वर्षं तात्पुरतं. दोन वर्षं झाली की विज्ञान शिक्षकाचा शेरा, मग मुख्याध्यापकांची शिफारस, मग संस्थेचा कायम केल्याचा हुकूम. मावशींना हा क्रम माझ्यापेक्षा चांगला पाठ होता.

"कायम झाले की टोपली खाली," त्या म्हणायच्या. "नाय झाले तर परत डोक्यावर. मधी काय नाय."

मी उमरोळीची, त्या वेळी पालघरला राहून शटल गाडीने येत असे. मासळीवाल्या बायकांना मी लहानपणापासून ओळखते. आई त्यांच्याशी घासाघीस करायची आणि त्या गेल्यावर म्हणायची, बघ गं, खालचे ताजे आहेत का. वर ठेवलेल्या माशावर विश्वास ठेवायचा नाही, खालचा उचलून बघायचा, हे माझ्या हाडात आहे.

आता वासाचं सांगायला हवं, कारण बोईसरबाहेरच्या कोणाला ते कळायचं नाही.

कारखाने आमच्या शाळेच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. वारा समुद्रावरून आला की तो कारखान्यांवरून आमच्याकडे यायचा. कधी नासक्या अंड्यांचा वास, कधी कुजलेल्या कोबीचा, कधी गोडसर आणि डोकं धरायला लावणारा. कोणत्या कारखान्याचा हे कोणी विचारायचं नाही. सगळ्याला एकच नाव, कंपनी. वर्गात पहिल्यांदा ज्याच्या नाकाला लागेल तो म्हणायचा, "कंपनी!" आणि खिडकीजवळची मुलं उठून धडाधड खिडक्या लावायची. कोणा शिक्षकाने सांगावं लागत नसे. पाचवीतली मुलंही शिकून यायची. बाहेरगावाहून आलेले नवे सर पहिल्या आठवड्यात चक्रावायचे आणि महिन्याभरात स्वतः उठून खिडकी लावायचे. मीही लावत होते. वास आला की खिडकी बंद, ही आमची सवय होती आणि कंपनीच्या वासासाठी ती बरोबर होती.

मावशी आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, त्या शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या खोलीत वास येतो."

"मावशी, बोईसरमध्ये वास येत नाही अशी एक खोली दाखवा," मी म्हटलं, "मी तिथं राहायला जाते."

सगळे हसले. मावशीही थोड्या हसल्या आणि गेल्या. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. मी तर तो विसरूनच गेले.

त्याच वर्षी गॅस पुरेनासा झाला. आधी एक सिलिंडर सहामाही सहज काढायचा. त्या वर्षी जूनमध्ये लावलेला गणपतीआधीच संपला. नंतरचा दिवाळीच्या सुट्टीपर्यंतही टिकला नाही. सिलिंडर आणून देणारा माणूस हिंदी बोलायचा, हसरा होता. रिकामा सिलिंडर पायाने लोळवत तो म्हणाला, "मॅडम, इतनी जल्दी खाली? स्कूल में किसी की शादी है क्या?"

मी हसले नाही. तो गेल्यावर मी मावशींकडे पाहिलं. त्या फरशी पुसत होत्या आणि जरा जास्तच मन लावून पुसत होत्या, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. काडेपेटीतल्या काड्या मोजून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायच्या. टेबलावर खडूने बारीक खूण करून बर्नर त्या खुणेवर ठेवायचा. एका सोमवारी तीन काड्या कमी भरल्या. एका शुक्रवारी तिवईवरची तारेची जाळी बोटाला चिकट लागली. मी ती नाकाशी नेली. उमरोळीच्या मुलीला त्या वासाबद्दल शंका घ्यायची गरज नव्हती.

"मावशी, या जाळीवर काय भाजलंत?"

"बोंबील."

इतक्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. "प्रयोगशाळेत?"

"मग कुठं? हेडसरांच्या टेबलावर?"

"रोज भाजता?"

"रोज कोण देतंय मला सुका बोंबील? आठवड्याला एकदा. एकच. त्यातला अर्धा तुमच्या डब्यापाशी ठेवला तर तुमी नाक वाकडं केलंत."

नाक मी वाकडं केलं नव्हतं. तो खाल्ला नव्हता, एवढंच.

"गॅस कुठं जातो मग?"

"एका बोंबलानं सिलिंडर रिकामा होतो होय, बाई? मग आमच्या वाड्याला आख्खी गाडी लागंल."

उत्तर हिशेबाला धरून होतं, पण मला ते लबाडाचं वाटलं. लहान गोष्ट चटकन कबूल करायची आणि मोठी झाकायची, असं मी मनात म्हटलं. जाळी धुऊन घेतली, बोंबील बंद करायला सांगितला आणि नजर आणखी बारीक केली.

मग मला ते दिसलं. आमची शाळा सकाळची. एकदा मधल्या सुट्टीच्या थोडं आधी मी वह्या तपासत शिक्षकांच्या खोलीत बसले होते. खिडकीतून मावशी मागच्या बाजूला जाताना दिसल्या. खोपटापाशी थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वाकून आत शिरल्या आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी वेळ लक्षात ठेवली. माझा प्रयोगाचा तास नसेल अशा वेळीच त्या जायच्या.

"मावशी, सिलिंडरपाशी कशाला गेला होतात?"

"झाडायला."

"झाडू न घेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पानं हातानं उचलली."

खोपटाच्या आसपास एकही झाड नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी कामापुरतंच बोलणं सुरू झालं. चंचुपात्र कुठे ठेवू, स्पिरिट आणू का, एवढंच. त्याही माझ्यावर नजर ठेवतात असं मला वाटायला लागलं. मी काड्या मोजते हे त्यांना कळलं होतं. एका सकाळी पेटी उघडली तर आतल्या सगळ्या काड्या एका बाजूला डोकी करून, शिस्तीत लावून ठेवलेल्या. मोजायला सोपं पडावं म्हणून.

माझा तर्क पक्का झाला. लहान टाकीत गॅस भरून नेत असतील, नाहीतर कोणाला तरी भरू देत असतील. कसा, हे मला सांगता आलं नसतं. तसं करणं किती अवघड आहे याचा मी, विज्ञानाची पदवीधर, पाच मिनिटं बसून विचार केला नाही.

जानेवारीत हेडसरांनी मला बोलावलं. "बाई, मावशींची दोन वर्षं भरतायत. शनिवारी प्रस्ताव संस्थेकडे जाईल. तुमचा शेरा द्या."

सोमवारी मी पालघरहून एक कुलूप आणलं आणि खोपटाच्या दाराला ठोकलेल्या कडीत अडकवलं. किल्ली पर्समध्ये. मावशींनी कुलूप पाहिलं. हात लावून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किल्ली एकच हाय?"

"एकच."

"तुमच्याकडं?"

"माझ्याकडं."

त्या काहीतरी बोलणार होत्या, ओठ हललेही. मग मान हलवून आत गेल्या. मला वाटलं, बरी सापडली.

बुधवारी मी शेरा लिहून हेडसरांच्या हातात दिला. चार ओळी. गॅसचा वापर अकारण वाढलेला आहे, परिचर मुख्य तोटीपाशी विनापरवानगी आढळल्या आहेत, विचारणा केली असता समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही, कायम करण्यास माझी शिफारस नाही. खाली सही. लिहिताना हात अडखळला नाही. ते मी कबूल करते.

गुरुवारी सकाळी सव्वासातला मी कुलूप काढलं, तोटी उघडली, कुलूप लावलं. त्या दिवशी प्रयोगाचा तास मधल्या सुट्टीनंतर होता, नववीचा. तोपर्यंत मी वरच्या वर्गांवर शिकवत होते. प्रयोगशाळेचं दार बंद, थंडीचे दिवस म्हणून खिडक्याही बंद. सोमवारी-मंगळवारी माझे तास सकाळी पहिलेच होते, ते संपताच मी तोटी बंद करून कुलूप लावलं होतं, आणि बुधवारी मी गॅस उघडलाच नव्हता. म्हणजे कुलूप लावल्यापासून गॅस चालू आणि खोली बंद असं तीन तास राहण्याची ही पहिली वेळ. हे गणित मी नंतर मांडलं.

सुट्टी संपल्यावर मावशींनी दार उघडलं आणि दोन खिडक्या उघडल्या. मुलं आत आली. आल्या आल्या पुढचा मुलगा ओरडला, "कंपनी!" आणि दोघीजणींनी पळत जाऊन त्या दोन खिडक्या लावून टाकल्या. मी मागून आत आले. वास होता, जोरदार होता, कुजलेल्या कोबीचा.

"आज फारच सोडलाय मेल्यांनी," मी म्हटलं. "लावल्या का सगळ्या? कड्या घाला."

मुलं टेबलांभोवती उभी राहिली. वेण्या वर, रिबिनी आत, सगळं माझ्या नियमाप्रमाणे. पहिल्या टेबलावरच्या बर्नरची भोकं मी बंद केली. पेटी हातात घेतली, काडी काढली.

"बाई, काडी नका ओढू."

मावशी दारात उभ्या होत्या. आवाज नेहमीचा मोठा नव्हता, म्हणून सगळा वर्ग वळला.

"का?"

"आज वारा कुठला हाय?"

"मावशी, माझा तास चालू आहे."

"सकाळपासनं वारा डोंगराकडचा हाय. कंपनी समुद्राकडं. आज तिचा वास पाण्यावर गेला. मी आता आवारात उभी होते, तिकडं काय वास नाय." त्यांनी बोट जमिनीकडे केलं. "मग ह्यो कुठला?"

माझ्या समोर खिडकी होती. काचेतून कारखान्याची उंच चिमणी दिसायची. रोज दिसायची. तिचा धूर समुद्राकडे झुकलेला होता, आमच्यापासून लांब. काडी माझ्या बोटांत होती. पेटीची खरखरीत बाजू तिच्यापासून दोन बोटांवर.

मी काडी परत पेटीत घातली. तेवढं मला करता आलं.

"कोणीही पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही. पळायचं नाही. पुढच्या टेबलापासून एकेकाने बाहेर, फाटकाजवळच्या आंब्याखाली. आणि खिडकीजवळच्यांनी जाता जाता खिडक्या उघडायच्या."

"उघडायच्या?" एका मुलीने विचारलं. तिला मी चुकून बोलले असं वाटलं. वास आलेला असताना खिडकी उघडा, असं तिला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं.

"उघडायच्या! सताड!"

मुलं बाहेर गेली. मी आणि मावशी मागच्या बाजूला धावलो. कुलपात किल्ली जाईना. नवं कुलूप होतं, किल्ली खालून वर घालायची. मावशींनी किल्ली माझ्या हातातून घेतली, कुलूप काढलं, वाकून आत गेल्या आणि एका वळशात तोटी बंद केली. ती कुठे आहे आणि किती फिरते हे न बघता.

तेव्हा मला समजलं. तरी विचारलं. "रोज बंद करायला येत होतात?"

"रोज नाय. तुमचा तास नसंल तेव्हा. बंद केली की वास कमी येतो. तुमच्या तासाआधी परत उघडून ठेवायची."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तुमी म्हणालात, बिनवासाची खोली दाखवा."

"नंतर सांगायचं."

"नंतर तुमी काड्या मोजत होता," मावशी म्हणाल्या. "मी म्हणाले असते, तोटीला हात लावते, तर तुमी म्हणणार, बघा, हीच ती. आणि हात लावायचा नाय हा तुमचाच नियम. सोमवारी कुलपाच्या वेळी बोलणार होते. तुमचं तोंड बघितलं आन् गप बसले."

खोली तास दीड तास उघडी ठेवली. मग आम्ही दोघी साबणाचा दाट फेस आणि रंगाचा ब्रश घेऊन आत गेलो. बाहेरची तोटी अगदी थोडी उघडली. मी प्रत्येक सांध्याला फेस लावत गेले. पहिलं टेबल, दुसरं, तिसरं. काही नाही. पाचव्यापर्यंत काही नाही. सहाव्या टेबलाखालची फळी काढायला मी वाकले आणि वाकतानाच मला आठवलं.

ते टेबल दीड वर्षापूर्वी, जूनमध्ये, मी खिडकीकडे सरकवून घेतलं होतं. मुलांना उजेड मिळावा म्हणून. दीड हाताने सरकलं, पण तांब्याचा पाइप होता तिथेच राहिला. फिटर बोलवायचा, तो कधी येणार कोण जाणे, म्हणून मधल्या जागेत मी स्वतः रबरी नळीचा तुकडा जोडला आणि दोन्ही टोकांना तार गुंडाळली. तात्पुरता. वर फळी लावली. फळी लावली आणि ते डोक्यातून गेलं.

फेस लावताच एका टोकाला बुडबुडे आले, बारीक, एकामागून एक, थांबेनात. दुसऱ्या टोकाला नळीला नखाएवढी चीर, तिथे तर फेस फुगून फुटत होता. तांब्याचा पाइप कुठेच फुटला नव्हता. बारा तोट्या ठीक होत्या. मुलांसाठी केलेले सगळे नियम ठीक होते.

मावशी माझ्या शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. "ही नली कुणी लावली?"

"मी."

त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेऊन वाटीत ठेवला. दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी हेडसरांकडे गेले. शेरा परत हवा म्हटलं. त्यांनी फायलीतून तो काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"बाई, परवा तुम्ही म्हणता चोरी. आज म्हणता नाही. दोन दिवसांत काय झालं? मासळी वगैरे आली का घरी?"

मी झालं ते सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर बदलली नाही. "म्हणजे मावशींनी नियम मोडून तोटी बंद केली, हे खरंच आहे."

"खरं आहे. नियम मोडला म्हणून पोरं वाचली, हेही खरं आहे."

"बरं. मग दुसरा लिहा. पण 'जुनी नळी खराब आढळली' एवढंच लिहा. कोणी जोडली वगैरे कशाला? संस्थेचे लोक पुढे तुम्हालाच विचारतील."

"ते लिहिलं नाही तर मावशींनाच विचारतील."

ते खांदे उडवून म्हणाले, "तुमची मर्जी. उद्या दहाला टपाल जातं."

दुसरा शेरा मी प्रयोगशाळेत बसून लिहिला. मावशी टेबलं पुसत होत्या. लिहून झाल्यावर मी म्हटलं, "मावशी, वाचून दाखवते."

"आधी पहिला वाचा."

"तो फाडणार आहे."

"फाडा. आधी वाचा. माझ्यावर काय लिवलं होतं ते मला ऐकू द्या."

मला वाचायचा नव्हता. वाचला. चारही ओळी, शिफारस नाही इथपर्यंत. त्या उभ्याने ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला आणि बराच वेळ बघितला.

"अक्षर छान हाय तुमचं," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला. "आता दुसरा."

दुसरा वाचला. गळती मी जोडलेल्या नळीत होती. परिचरांनी वासाची सूचना वेळीच दिली होती, ती मी मनावर घेतली नाही. त्या तोटी बंद करत होत्या म्हणून अपघात टळला. कायम करण्याची शिफारस.

"बोंबील ऱ्हायला," मावशी म्हणाल्या.

"तो कशाला?"

"लिवा. आठवड्याला एक बोंबील भाजला, ते पण लिवा. उद्या ही पोरंसोरं, नायतर तो गाडीवाला, कोणी काय बोललं, तर परत नवीन चोरी नको. जे हाय ते सगळं एकदाच कागदावर जाऊ द्या."

मी लिहिलं. हेडसरांनी वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, संस्थेला बोंबील?"

"त्यांचा आग्रह आहे."

"ऑफिसात हसतील."

"हसू देत. हसून झाल्यावर सही करतील."

त्यांनी ते पाकिटात घातलं खरं, पण मी दाराबाहेर पडेपर्यंत माझ्याकडे संशयाने बघत होते. त्यांच्या मते आम्हा दोघींचं आतून काहीतरी मिटलं होतं. मिटलं काहीच नव्हतं.

फिटर महिनाभराने आला. तोपर्यंत सहावं टेबल बंद, त्याच्याकडचा पाइप टोकाला झाकण घालून बंद केलेला. नववीला मी त्या वर्षी नियमांत एक भर घातली. वास आला की आधी बाहेर जाऊन उभं राहायचं. बाहेर वास असेल तर कंपनी, खिडक्या लावा. बाहेर नसेल तर खिडक्या उघडा आणि काडी विसरा. एका मुलाने विचारलं, "बाई, आणि दोन्हीकडं असंल तर?" मी म्हटलं, तर मावशींना विचारायचं.

हुकूम जूनमध्ये आला. मावशींनी टोपली जावेला देऊन टाकली, हे त्यांनी मला सांगितलं नाही, दुसऱ्या बाईंना सांगितलं, मी ऐकलं. शाळा उघडली त्या पहिल्या सकाळी सातला त्या साबणाच्या फेसाची वाटी आणि ब्रश घेऊन खोपटापाशी उभ्या होत्या. मी पर्समधून किल्ली काढली. त्यांनी हात पुढे केला.

"द्या."

मी दिली. त्यांनी कुलूप काढलं, सांध्याला फेस लावला, बघितला, मग तोटी उघडली. किल्ली कमरेच्या किल्ल्यांत अडकवली. त्या निवृत्त होईपर्यंत ती माझ्याकडे परत आली नाही.

शाळा सुटताना त्या कुलूप लावायच्या आणि मी जाता जाता ते एकदा ओढून बघायची. त्या बाजूला उभ्या राहून माझं ओढून होईपर्यंत थांबायच्या. मग पुढे होऊन, माझ्या देखत, स्वतः एकदा ओढून बघायच्या.